पटकन सांग, पटकन!

प्राथमिक शाळेच्या कुठल्याही वर्गाबाहेर पाच मिनिटं उभं राहा, आत काय शिकवतायत ते नाही कळलं तरी एक शब्द हमखास कानावर येईल, "पटकन". पटकन वह्या काढा, पटकन लिहा, पटकन सांग, अरे लवकर, बरं राहू दे, तू सांग. मी अकरा वर्षं दुसरी-तिसरीला शिकवलं आणि हा शब्द दिवसातून किती वेळा माझ्या तोंडून जातो याचा मला पत्ताच नव्हता, कारण आपलं बोलणं आपल्याला ऐकू येतच नाही. मग एकदा सहज म्हणून मोबाइल रेकॉर्डिंगला लावून टेबलावर पालथा ठेवला आणि नेहमीसारखा तास घेतला.

रात्री हेडफोन लावून ऐकलं आणि खरं सांगते, लाज वाटली. प्रश्न विचारायचा, एखाद्या पोराकडे बघायचं, त्याने "अं..." केलं की लगेच "बरं, तू सांग", ती दुसरी पण अडखळली की उत्तर मीच देऊन मोकळी. एका ठिकाणी मी विचारलंय की पाणी तापवत ठेवलं की त्याचं काय होतं, आणि लगेच माझ्याच आवाजात "वाफ होते, हो ना?" आणि अख्खा वर्ग सुरात "होऽऽऽ". झालं शिकवून! घड्याळ लावून परत ऐकलं तर संपूर्ण तासात एकाही प्रश्नानंतर मी धड दोन सेकंदसुद्धा गप्प बसलेली नाही. आणि मी स्वतःला पोरांचं ऐकून घेणारी बाई समजत होते, बरं का.

नंतर वाचताना कळलं की हे पाप माझ्या एकटीचं नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासक होत्या, विज्ञान कसं शिकवतात हा त्यांचा विषय. त्यांनी प्राथमिक वर्गांची शेकडो टेप रेकॉर्डिंग ऐकून शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात हे मोजलं आणि १९७४ साली ते मांडलं. सरासरी निघाली साधारण एक सेकंद. एक! तेवढ्यात उत्तर आलं नाही तर शिक्षक प्रश्न परत विचारतो, नाहीतर फिरवून विचारतो, नाहीतर दुसऱ्या पोराकडे वळतो. मग त्यांनी काही शिक्षकांना शिकवलं की तीन सेकंद थांबा. तर पोरांची उत्तरं लांब व्हायला लागली, "माहीत नाही" कमी झालं, पोरं स्वतःहून प्रश्न विचारायला लागली, आणि ज्यांना शिक्षकांनी मनातल्या मनात ढ म्हणून बाजूला टाकलं होतं ती पोरं बोलायला लागली. अजून एक त्यांच्या लक्षात आलं होतं ते मला जास्त लागलं, की शिक्षक ज्यांना हुशार समजतात त्यांच्यासाठी जास्त थांबतात आणि ज्यांना वेळ लागतो त्यांच्यासाठीच कमी. म्हणजे ज्याला गरज आहे त्यालाच आपण वेळ देत नाही.

थांबायची दुसरी जागा पण त्यांनी दाखवली जी सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही, ती म्हणजे उत्तर आल्यावर. पोराने दोन शब्द उच्चारले की आपण "व्हेरी गुड!" करून त्याचं तोंड बंद करतो. त्याला कदाचित पुढे "पण" म्हणायचं असतं. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये असा एक अर्धवट "पण" आहे, एका पोरीचा, माझ्या "शाब्बास"खाली गाडला गेलेला. ती काय म्हणणार होती ते मला आता कधीच कळणार नाही.

तर मुद्दा असा आहे की शाळांबद्दल आपल्याकडे वाद चालतात ते माध्यम कुठलं, डिजिटल फळा आहे का नाही, परीक्षा असावी का नसावी, दप्तराचं वजन किती. सगळे वाद महत्त्वाचे असतील, पण प्राथमिक शाळेची रोजची खरी अडचण मला विचाराल तर घाई ही आहे. वेगालाच हुशारी समजणं. आणि ही अडचण शिक्षकाला चार गोष्टी ऐकवून सुटणारी नाहीये, त्यासाठी पोर्शन कमी करावा लागेल आणि टाइमटेबलमध्ये मोकळी जागा सोडावी लागेल, भले चार धडे कमी झाले तरी चालतील. हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतेय. चार धडे कमी.

आता यावर लोक म्हणतात अहो धडे कमी केले तर पोरं मागे नाही का पडणार. मागे म्हणजे कशाच्या मागे हे जरा बघू. एक साधी वजाबाकी घ्या, ५२ वजा २८. पोरगा लिहितो ३६. आपण लाल पेनने फुली मारतो, शेजारी २४ लिहितो आणि पुढच्या वहीकडे वळतो, वेळ लागला चार सेकंद. आता त्यालाच जवळ बोलवून विचारलं की बाळा हे कसं केलंस, आणि गप्प बसलं, तर तो थोडा वेळ बुटाकडे बघतो, मग सांगतो, "पाचातून दोन गेले तीन. आठातून दोन गेले सहा." म्हणजे प्रत्येक घरात तो मोठ्यातून लहान वजा करतोय, वर कुठला आणि खाली कुठला याच्याशी त्याला देणंघेणंच नाही. त्याला वजाबाकी येते, फक्त त्याने स्वतःचा एक नियम बनवलाय आणि तो तो इमानदारीने पाळतोय. ६७ वजा २३ ला हाच नियम बरोबर उत्तर देतो, म्हणून गेले सहा महिने त्याला बरोबरच्या खुणा मिळत होत्या आणि कुणाला पत्ता लागला नाही! १९७८ साली जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनी मुलांच्या वजाबाक्यांचा असाच अभ्यास केला होता, त्यांना दिसलं की बऱ्याच चुका निष्काळजीपणाच्या नसतातच, पोरं एक चुकीची पद्धत अगदी पद्धतशीर वापरत असतात. ही पद्धत पकडायला दोन मिनिटं लागतात आणि एक दशक सुटा करून दाखवायला अजून दहा, गठ्ठा सोडून समोर काड्या मांडल्या की बऱ्याच पोरांना कळतं. ही बारा मिनिटं नाही दिली तर तो पोरगा चौथीत भागाकाराला अडकणार आणि तेव्हा आपण म्हणणार, याचं गणित कच्चं आहे. आता सांगा, मागे कोण पडलं आणि कशामुळे.

आणि विचारण्यातही एक गंमत आहे. आपण पोराला उत्तर आल्यावर डोळे बारीक करून "नक्की?" असं विचारतो ना, की पोरगं तडकाफडकी उत्तर बदलतं. बरोबर असलेलं पण बदलतं. यात त्याची चूक नाहीये, मोठं माणूस तोच प्रश्न परत विचारतंय म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय एवढं त्याला घरातूनच माहीत असतं. मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा तो प्रसिद्ध प्रयोग आहे ना, दोन रांगांतल्या गोट्या सारख्याच, मग एक रांग पसरवायची आणि विचारायचं आता कुठे जास्त, लहान पोरं म्हणतात लांब रांगेत जास्त. १९७४ मध्ये रोझ आणि ब्लँक या दोघी संशोधकांनी त्यात एवढाच बदल केला की प्रश्न आधी आणि नंतर असा दोनदा न विचारता फक्त बदल केल्यावर एकदाच विचारला, तर बरोबर उत्तरं देणारी मुलं वाढली. म्हणजे काही पोरांना येत होतं, आपल्या दोनदा विचारण्यानेच ती गडबडली. मी हे वाचल्यावर "नक्की?" बंद केलं आणि त्याऐवजी बरोबर असो वा चूक, सगळ्यांनाच "कसं ठरवलंस?" विचारायला लागले. पहिले पंधरा दिवस पोरं तरी पण घाबरून उत्तर बदलायची. मग कळलं त्यांना.

आता फळ्यावरून उतरवून घेण्याबद्दल बोलू, कारण प्राथमिक शाळेचा केवढा तरी वेळ त्यातच जातो आणि त्याबद्दल कुणीच काही बोलत नाही. मोठ्या माणसाला वाटतं त्यात काय एवढं, समोर लिहिलंय ते लिहायचं. पण आपण एका नजरेत चार-पाच शब्द उचलतो, दुसरीतलं पोर एक अक्षर उचलतं. मी एकदा मागच्या बाकावर बसून एका मुलाकडे नुसतं बघत बसले होते. वाक्य होतं, पावसाळ्यात नद्यांना पूर येतो. वर बघितलं, पा. खाली. वर बघितलं, व. खाली. सा. मग ते ळ्या आलं, तिथे तो दोनदा वर बघून आला, तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा कुठे ळ ला य जोडून काना दिला. मग त. मग नद्यांना, तिथे तर द्या आणि वर टिंब, तिथे तो हरवलाच, फळ्यावर आपली ओळ कुठली हेच सापडेना, बोट हवेत धरून वरून ओळी मोजत खाली आला. मग खोडरबर. मग खोडताना कागद चुरगळला तो हाताने सपाट केला. चार शब्दांना त्याने मान पंधरा-सोळा वेळा वर केली आणि फळ्यावर अशा दहा ओळी होत्या. त्याची सहावी ओळ चालू होती तेवढ्यात फळा पुसला गेला. त्याने हातातली पेन्सिल तशीच धरून पांढऱ्या झालेल्या फळ्याकडे बघितलं ना, ते मला अजून आठवतं. या सगळ्यात नद्यांना पूर का येतो हे त्याच्या डोक्यात किती शिरलं असेल? शून्य. सगळं डोकं मान वर-खाली करण्यात गेलं.

आणि याच्यापुढची गोष्ट अजून वाईट आहे. वहीवर लाल शेरा, "काम अपूर्ण". आणि अपूर्ण आहे म्हणून मधल्या सुट्टीत बसून पूर्ण कर. वर्ग रिकामा, बाहेरून आरडाओरडा ऐकू येतोय आणि दोन-तीन पोरं बाकांवर बसून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतायत, रोज जवळपास तीच दोन-तीन. मी पण बसवलंय असं पोरांना, खोटं कशाला बोलू. तेव्हा वाटायचं शिस्त लागतेय. आता वाटतं की ज्या पोराचा हात हळू चालतो, ज्याला खरं तर मोकळं पळायची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच्याकडून आपण रोज दंड वसूल करत होतो आणि तो पण त्याच्या मालकीच्या एकमेव वेळातून. शाळेच्या अख्ख्या दिवसात कुणाशी खेळायचं, काय खेळायचं, भांडण झालं तर कसं मिटवायचं हे पोरं स्वतः ठरवतात असा वेळ तेवढाच असतो हो. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्कांचा करार आहे, त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून लिहिलाय, बक्षीस म्हणून नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये मधल्या सुट्टीवर एक निवेदन काढलं, त्यात स्पष्ट म्हटलंय की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी म्हणून सुट्टी काढून घेऊ नका. फिनलंडचं नाव काढलं की लोक वैतागतात, मला पण माहितीये, तिथलं सगळं उचलून आणता येत नाही, पण तिथे पंचेचाळीस मिनिटांचा तास झाला की साधारण पंधरा मिनिटं पोरं बाहेर असतात आणि त्यासाठी काही पैसे लागत नाहीत, लागतं फक्त आपलं मन.

त्यात एका वर्गातली सगळी पोरं सारख्या वयाची असतात असं आपण धरून चालतो तेही खरं नाही. प्रवेशाच्या तारखेमुळे एकाच बाकावर जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं. तिशीत वर्षभराने काही फरक पडत नाही पण सहा वर्षांच्या पोरासाठी वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा, बोटांची पकड, डोळ्यांची सवय, तोंडात येणारे शब्द, सगळ्यात फरक. वर्गातल्या सगळ्यात लहान पोरांवर लक्ष न लागण्याच्या आजाराचा शिक्का जास्त बसतो असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. काही पोरं आजारी नसतात, नुसती लहान असतात.

बरं, आता दुसरी बाजू. वेगाला काहीच किंमत नाही असं मी म्हणत नाहीये, नाहीतर उद्या कुणी येऊन म्हणेल की बाई पाढे पाठ करू नका म्हणतात. पाढे पाठ पाहिजेतच. सात आठे छप्पन्न हे बोटं न मोजता आलं तरच मोठ्या गुणाकारात डोकं मोकळं राहतं, कारण डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात आणि लहान पोरांच्या तर फारच मोजक्या. वाचनाचं तसंच, जे पोर एकेक अक्षर लावत वाचतं ते वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं, त्यामुळे वाचन सुरळीत व्हायलाच पाहिजे. पण हा वेग येतो कसा? पुन्हा पुन्हा, निवांत, न घाबरता केल्यावर शेवटी येतो. आपण उलटं करतो, वेग आधी मागतो. घड्याळ लावून उभं केलं की ज्याला पाढा येतो त्याचीही बोबडी वळते. गणिताची भीती पहिली-दुसरीतच दिसायला लागते आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तर असं दिसलं की ज्या मुलांची डोक्यात गोष्टी धरून ठेवायची ताकद चांगली आहे त्यांच्याच गणितावर या भीतीचा परिणाम जास्त होतो. कारण ती ताकदच भीती खाऊन टाकते, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे "पटकन सांग"ने आपण हुशार पोरांचंही नुकसानच करतोय.

आणि पटकन शिकलेलं टिकतं का, हा पण प्रश्न आहेच. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला होता, एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. ती पोरं मोठी होती हे मान्य, पण धडा संपल्या संपल्या "कळलं का?" विचारून सुरात "होऽऽ" ऐकून खूश होणारी मी, मला त्यात माझाच वर्ग दिसला. ताबडतोब मिळालेल्या होकाराला काही अर्थ नसतो. आठवड्याने, दुसरंच काहीतरी चालू असताना, मध्येच विचारायचं, आणि पोरं आठवायला धडपडतात तेव्हा गप्प बसायचं, हे खरं शिकवणं. फार अवघड असतं ते, म्हणजे गप्प बसणं.

"वर्गात पन्नास पोरं आहेत, कसलं थांबताय" हे मला स्टाफरूममध्ये हजार वेळा ऐकवलं गेलंय आणि मी पण ऐकवलंय. पन्नास पोरांचा वर्ग नसावाच, त्यावर वेगळं भांडू. पण हिशोब तर करून बघा. चाळीस मिनिटांचा तास, त्यात वीस प्रश्न, प्रत्येकाला दोन सेकंद जास्त. किती झाले? चाळीस सेकंद. हजेरी घेताना "प्रेझेंट"च्या ऐवजी कुणी "येस मॅडम" म्हटलं म्हणून जेवढा वेळ भांडतो त्याच्यापेक्षा कमी. थांबायला वेळ नाही हे खरं नाहीये, शांतता सहन होत नाही हे खरं आहे. वर्ग तीन सेकंद गप्प झाला की शिक्षकाला वाटतं आपल्याला काही येत नाही, आणि बाहेरून कुणी मोठे साहेब फिरत असतील तर मग विचारूच नका.

पोरांना जवळ बोलवून कसं केलंस विचारायला मात्र खराखुरा वेळ लागतो, तो चाळीस सेकंदात बसत नाही, तिथे पोर्शनच कमी करावा लागतो. आणि इथे गाडी पालकांपाशी येऊन थांबते. पालकांच्या ग्रुपवर परीक्षेच्या आधी मेसेज फिरतात की ब तुकडीचा अकरावा धडा झाला, आपला नववाच चालू आहे, मॅडमना कुणीतरी बोला. आजपर्यंत असा एकही मेसेज मी बघितला नाही की आपल्या मुलांना नववा समजला का. मी आता शिकवत नाही, पालक आहे, त्यामुळे मला पण ते मेसेज येतात, आणि खोटं नाही सांगत, दोन मिनिटं माझ्याही पोटात गोळा येतो. घरी तरी काय वेगळं आहे? भाजी चिरता चिरता "सात आठे? पटकन!" आणि पोराने छताकडे बघितलं की "अरे कालच घेतला ना पाठ करून". छताकडे बघणं म्हणजे विचार करणं असतं हो. पोरं विचार करताना आपल्या तोंडाकडे नाही बघत, आपलं तोंड बघितलं की त्यांना काही सुचत नाही.

भराभर उत्तर देणाऱ्या पोरांचं काय, ती कंटाळतील ना, असं एक पालक मला म्हणाले होते, त्यांची मुलगी हात वर करून बाकावरून अर्धी उठायचीच. तिचीच मला जास्त काळजी वाटायची. प्रश्न संपायच्या आत उत्तर सुचणं ही सवय दुसरीपर्यंत छान दिसते, मग कधीतरी असा प्रश्न येतो की जो दहा मिनिटं घेतो, आणि या पोरांना दहा मिनिटं न येण्यात बसून राहायची सवयच नसते, ती एकदम म्हणतात मला हे जमत नाही. लोरां श्वार्ट्झ म्हणून फ्रेंच गणिती होते, १९५० चं फील्ड्स मेडल मिळालेले, म्हणजे गणितातला मोठ्यातला मोठा मान. त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की शाळेत ते कायम हळू होते आणि बराच काळ स्वतःला मठ्ठ समजायचे, मग त्यांच्या लक्षात आलं की भराभर बोलणारी मुलं फक्त त्यांच्या आधी उत्तर देतात, आणि आधी देण्याचा अक्कल असण्याशी थेट संबंध नाही. २०१४ मध्ये हेच मेडल मिळवणारी पहिली बाई मरियम मिर्झाखानी, ती पण स्वतःला संथ म्हणवून घ्यायची. आता हळू असलेलं प्रत्येक पोर गणिती होणार नाही हे मलाही कळतं. पण दुसरीतच त्याला ढ ठरवायची घाई कशाला?

त्या रेकॉर्डिंगनंतर मी स्वतःसाठी एक युक्ती केली होती. प्रश्न विचारला की हात पाठीमागे घ्यायचे आणि एकेक करून तीन बोटं दुमडायची, तोपर्यंत तोंड उघडायचं नाही. पहिला आठवडा वर्गाला वाटलं मी रागावलेय. दोन पोरांनी तर विचारलं, बाई काय झालं? दुसऱ्या आठवड्यात जरा जमायला लागलं, आणि मग कधीतरी मी विचारलं की झाडाला मुळाशी पाणी घालतो ते पुढे कुठे जातं, आणि बोटं मोजत उभी राहिले. पहिल्या बाकावरून नेहमीचे हात वर. एक, दोन. तिसरं बोट दुमडलं तरी मी थांबले. खिडकीजवळचा एक मुलगा, वर्षभरात हजेरी सोडून ज्याचा आवाज मी क्वचितच ऐकला होता, हात वर न करताच म्हणाला, "वर जातं." मी काही बोलले नाही, मुश्किलीने. तो पुढे म्हणाला, "फांदी तोडली ना, तर आतून ओली असते." सगळी पोरं त्याच्याकडे वळून बघायला लागली. मग एकीने विचारलं, पण पाणी तर खाली पडतं, वर कसं जाईल? तो प्रश्न माझ्या पाठनियोजनात नव्हता आणि त्या दिवशी धडा काही संपला नाही.

मला वाटत होतं माझी ती बोटांची युक्ती कुणाला दिसत नाही. एकदा मी फळ्याकडे तोंड करून प्रश्न विचारला, हात पाठीमागेच होते, आणि एकाने अर्ध्या सेकंदात उत्तर ओरडून टाकलं. तर दुसऱ्या बाकावरून एक पोरगी त्याच्यावर डाफरली, "ए थांब ना, बाईंची बोटं अजून संपली नाहीत!"